पट, पाठ आणि पुरवणी : डावपेची संगणक-खेळांतील आवृत्तीचा प्रश्न

१

संगणकावरील डावपेचांच्या खेळांविषयी विद्यापीठीय पत्रिकेत लिहावे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या कृतींत राज्ये, भाषा, धर्म, व्यापार आणि युद्धे यांची मांडणी केलेली असते, ज्यांवर आपले विद्यार्थी शेकडो तास खर्च करतात आणि ज्यांतून इतिहासाविषयीच्या त्यांच्या कल्पना नकळत घडतात, त्या कृतींकडे समीक्षेने पाठ फिरविणे इष्ट नव्हे. या खेळांविषयी खेळाडूंची एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. दुरुस्त्या, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘पॅच’, वेळेवर येत नाहीत. आणि विकत घ्यावयाच्या पुरवण्या, म्हणजे ‘एक्स्पान्शन’ किंवा ‘डीएलसी’, मात्र नेमाने येत राहतात. ही तक्रार पोरकट अधीरतेची निदर्शक आहे, असे म्हणून ती बाजूस सारण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. या तक्रारीच्या मुळाशी कृतीच्या पाठाचा, म्हणजेच ‘कोणती आवृत्ती खरी?’ हा, साहित्याच्या अभ्यासकास सुपरिचित असलेला प्रश्न आहे. तो उलगडून पाहणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

गेल्या दिवाळीच्या सुटीत काही दिवस नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा येथे राहण्याचा योग आला. तापीकाठचे हे गाव ‘दक्षिण काशी’ म्हणून भाविकांना परिचित आहे. बहिणीच्या घरी भाचा व त्याचे दोन मित्र संगणकापुढे बसले होते. खेळ सुरू होण्याची वाट पाहत नव्हते; तो उतरण्याची वाट पाहत होते. घरात तारेची जोडणी नसल्याने दुरुस्तीचा भला मोठा संच भ्रमणध्वनीवरून उतरवून घ्यावा लागत होता, आणि त्यात रात्र गेली. सकाळी भाच्यास विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मामा, काल जे डाव शिकलो ते आज चालत नाहीत, आणि जी चूक काल होती ती आजही तिथंच आहे.”

या एका वाक्यात संपूर्ण तक्रार आली आहे. बदल झाला, पण जेथे व्हावयास हवा होता तेथे झाला नाही.

भाषेच्या अभ्यासकास त्या मुलांच्या बोलण्यातील आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटली. एखादी दुरुस्ती नुकतीच जाहीर झालेली असेल, तर ती ‘येणार आहे’ असे ते म्हणत. जिची वाट पाहून महिने लोटले आहेत, ती ‘येईल’. मराठीत ‘-णार’ हे रूप ठरलेल्या, निश्चित भविष्याचे सूचक आहे. ‘-ईल’ मध्ये अनुमान आणि अनिश्चितता यांना अधिक वाव असतो. कोणीही न शिकविता या मुलांनी विक्रेत्याच्या वचनावरील आपल्या विश्वासाची घट क्रियापदाच्या रूपातच नोंदविली होती. पुरवणीच्या बाबतीत मात्र ‘-ईल’ ऐकू आले नाही. ती नेहमी ‘येणार’ च असे.

३

खेळात होणारे बदल एकाच जातीचे नसतात, आणि तक्रारीचा विचार करताना त्यांची गल्लत केल्यामुळेच गोंधळ होतो. पहिला प्रकार चूक-दुरुस्तीचा. ग्रंथास जोडलेल्या शुद्धिपत्राशी त्याची तुलना करता येईल. दुसरा प्रकार पाठबदलाचा: चूक नसताही नियम, बलाबल, नावे बदलली जातात. तिसरा प्रकार पुरवणीचा: नवा प्रदेश, नवी सत्ता, नवी यंत्रणा, आणि तिचे वेगळे मूल्य. ग्रंथव्यवहारात हे तीन प्रकार वेगळे ओळखता येतात. संगणक-खेळांत ते एकाच दिवशी, एकाच गाठोड्यात येतात. खेळाडूच्या वैतागाचे खरे कारण हे गाठोडे आहे. आपल्या भूमीशी संबंधित अशी काही उदाहरणे पाहिली म्हणजे हे स्पष्ट होईल.

‘एम्पायर : टोटल वॉर’ हा ब्रिटनमधील ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ या संस्थेचा खेळ मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अठरावे शतक हा त्याचा विषय असून डाव इ. स. १७०० पासून सुरू होतो. खेळाडूस ज्या सत्ता निवडता येतात त्यांत मराठ्यांचाही समावेश आहे. पण खेळ बाजारात आला तेव्हा संगणकाने चालविलेल्या सत्तांना समुद्रमार्गे सैन्य नेऊन परतीरावर उतरविणे साधत नसे. ही उणीव पुढील दुरुस्तीने भरून काढण्यात आली. वरवर पाहता ही तांत्रिक त्रुटी होय. परंतु ज्या शतकात कान्होजी आंग्रे यांनी कोकणपट्टीवर परकीयांना धाक बसविला आणि ज्या शतकात इंग्रजांचे बळ समुद्रावरून आले, त्या शतकाच्या पटावर समुद्रच निरुपयोगी ठरावा, हा केवळ यंत्राचा दोष म्हणता येणार नाही. दुरुस्ती येईपर्यंत खेळाडूपुढे एक खोटा इतिहास मांडलेला होता. विलंबाने आलेल्या दुरुस्तीची किंमत अशी अर्थाच्या हानीत मोजावी लागते.

याच खेळात मराठ्यांच्या सत्तेस ‘कॉन्फेडरसी’, म्हणजे संघराज्यवजा मंडळ, असे नाव आहे. इ. स. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज निधन पावले व ताराबाईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली. सरदारांच्या मंडळाची ती व्यवस्था पुढे पेशवाईत आकारास आली. तेव्हा हे नाव पन्नासएक वर्षे आधीच पटावर आले आहे. ते तसेच राहिले. यंत्र अडते ती चूक आणि अर्थ अडतो ती चूक यांतील फक्त पहिलीच दुरुस्तीस पात्र ठरते.

४

पुरवणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. स्वीडनच्या ‘पॅराडॉक्स’ संस्थेचा ‘क्रुसेडर किंग्ज २’ हा खेळ २०१२ मध्ये निघाला. मार्च २०१४ मध्ये त्यास ‘राजाज ऑफ इंडिया’ ही पुरवणी जोडण्यात आली. भारताचा नकाशा सर्व खेळाडूंना विनामूल्य मिळाला. पण भारतीय राजा होऊन खेळावयाचे असल्यास पुरवणी विकत घेणे आवश्यक होते. भारत दिसावा सर्वांना, पण भारतीय होण्यास मूल्य पडावे, अशी ही विभागणी. शिवाय ज्यांनी पुरवणी घेतली नाही त्यांच्याही यंत्रास या वाढलेल्या जगाचा भार वाहावा लागला.

याच संस्थेच्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ (२०१३) या खेळात डाव इ. स. १४४४ मध्ये सुरू होतो. त्यात खानदेशची फारुकी सत्ता स्वतंत्र राज्य म्हणून आढळते. थाळनेर ज्यांची आरंभीची राजधानी होती आणि ज्यांचे राज्य १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर संपले, ते हे राज्य. प्रकाशाच्या मुलास जगाच्या पटावर आपला मुलूख सापडावा, हा आनंद लहान नव्हे. सप्टेंबर २०१८ मध्ये याच खेळाची भारतावर भर देणारी ‘धर्म’ ही पुरवणी आली. नकाशाची फेररचना विनामूल्य आणि नव्या यंत्रणा विकत, हीच रीत येथेही होती. पुढे एप्रिल २०२१ मध्ये आलेली ‘लेवायथन’ ही पुरवणी इतकी सदोष निघाली की निर्मात्यांना जाहीर क्षमा मागावी लागली आणि दुरुस्त्यांची रांग लावावी लागली. येथे पुरवणीनेच दुरुस्तीची गरज निर्माण केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

परंतु सर्वांत बोलके उदाहरण ‘एज ऑफ एम्पायर्स २’ चे आहे. १९९९ च्या या खेळात ‘इंडियन्स’ ही एकच भारतीय संस्कृती २०१३ मध्ये ‘द फरगॉटन’ या पुरवणीने आली. ही पुरवणी मुळात हौशी खेळाडूंच्या स्वयंस्फूर्त कामातून जन्मली, हेही नमूद केले पाहिजे. एप्रिल २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ ही विकतची पुरवणी आली. तिने बंगाली, द्राविड आणि गुर्जर या तीन नव्या संस्कृती दिल्या. त्याच वेळी जुन्या ‘इंडियन्स’ चे नाव सर्वांसाठी ‘हिंदुस्तानी’ असे झाले. एकाच संस्कृतीत सारा भारत कोंबणे अनुचित होते. तेव्हा हा बदल तत्त्वतः स्वागतार्ह आहे. पण त्यात काय घडले पाहा. ‘इंडियन्स’ चे वैशिष्ट्य असलेले गजारूढ धनुर्धरांचे पथक त्यांच्याकडून गेले व नव्या तीन संस्कृतींच्या वाट्यास आले. हिंदुस्तानींना त्याऐवजी ‘गुलाम’ हे पायदळ मिळाले. ज्याने पूर्वी मूल्य देऊन ‘इंडियन्स’ घेतले होते, त्यास आपल्या हत्तींवर पुन्हा बसावयाचे असेल तर नवे मूल्य देणे प्राप्त झाले. पाठबदल विनामूल्य आला, पण त्याने निर्माण केलेली उणीव पुरवणीने विकत भरून काढावी लागली. ग्रंथाच्या भाषेत बोलावयाचे तर वाचकाच्या कपाटातील पुस्तकातून एक प्रकरण काढून घ्यावे आणि ते दुसऱ्या खंडात छापून विकावे, तसे हे झाले.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकास खटकेल. उत्तरेस हिंदुस्तानी, पश्चिमेस गुर्जर, पूर्वेस बंगाली, दक्षिणेस द्राविड. देवगिरीचे यादव आणि १३४७ मध्ये स्थापन झालेली बहमनी सत्ता ज्या दख्खनच्या, तिला या विभागणीत स्वतंत्र स्थान नाही. प्रकाशा हे गाव गुर्जरांच्या बाजूस जाते की हिंदुस्तानींच्या, हे ठरविणे भाषाशास्त्रज्ञासही कठीण पडावे. पुरवणीने प्रतिनिधित्व देऊ केले की कोण वगळले गेले हेही तितकेच ठळक होते. एरवी सर्वच वगळलेले असतात, म्हणून कोणी बोलत नाही.

५

येथे पूर्वपक्षाचा विचार केला पाहिजे. निर्माते म्हणतील, एकदा विकलेल्या खेळाची दहा-दहा वर्षे देखभाल करावयाची तर तिचा खर्च कोठून काढावा? पुरवणी घेणारा खेळाडू हा न घेणाऱ्याच्या दुरुस्तीचाही खर्च सोसतो. हा युक्तिवाद पोकळ नाही. ‘इम्परेटर : रोम’ या खेळाचे उदाहरण त्यास पुष्टी देते. एप्रिल २०१९ मध्ये निघालेल्या या खेळाचे स्वागत थंड झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याची मोठी पुनर्रचना झाली, आणि दोनच महिन्यांनी पुढील काम थांबविल्याचे जाहीर झाले. उत्पन्न आटले की दुरुस्तीही थांबते. ‘विकत पुरवण्या नकोत, दुरुस्त्या मात्र हव्यात’ असे म्हणणाऱ्या खेळाडूने हे लक्षात ठेवले पाहिजे.

बदल हाच दोष, असेही म्हणता येत नाही. आपल्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले, आणि शेवटच्या घरी पोहोचल्यावर त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. आंतरराष्ट्रीय नियमांनी हे बदलले. परंतु देशी रीतीने खेळू इच्छिणाऱ्या दोघांना कोणीही अडवू शकत नाही. पट त्यांचा, मोहरे त्यांचे आणि नियम त्यांच्या स्मरणात असतात. बदल स्वीकारण्याची मोकळीक हा जुन्या खेळाचा सहजधर्म होता. नव्या खेळात तीच हरवली आहे.

मराठी वाङ्मयातील एक दाखला येथे उपयुक्त ठरेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतराने आणि लेखकुंच्या हातून शिरलेले अपपाठ दूर करणे हे त्यांचे कार्य होते. स्वतःची भर घालणे नव्हे. उलट, पुढे कोणी तीत ओवी रचून घालू नये अशी ताकीदच त्यांनी दिली. समर्थ कवी असूनही शुद्धी आणि भर यांतील सीमा त्यांनी ओलांडली नाही. दुरुस्ती आणि पुरवणी यांची गल्लत करू नये, हे सूत्र आपल्या परंपरेत चारशेहून अधिक वर्षे ठाऊक आहे.

६

प्रकाशा येथे १९५५ मध्ये बा. कृ. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. ताम्रपाषाणयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर तेथील टेकाडात एकावर एक आढळले. नवी वस्ती जुन्या वस्तीवर उभी राहिली, पण जुना थर खाली शिल्लक राहिला, म्हणूनच अभ्यासकास तो वाचता आला. संगणक-खेळाचा नवा थर जुन्यास झाकीत नाही. तो जुन्याची जागा घेतो. आज २०१३ चे ‘इंडियन्स’ पाहावयाचे म्हटले तर चालू खेळात ते सापडत नाहीत. हे अटळ मात्र नाही. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ च्या निर्मात्यांनी जुन्या आवृत्त्यांवर परत जाण्याची सोय ठेवली आहे. एकास जे शक्य आहे ते इतरांसही अशक्य नसावे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. निर्मात्याकडून अपेक्षा ही की, चूक-दुरुस्ती पाठबदलापासून वेगळी द्यावी, विकलेले काढून घेऊन पुन्हा विकू नये आणि जुना पाठ उपलब्ध ठेवावा. अभ्यासकाकडून अपेक्षा ही की, या खेळांवर प्रबंध अथवा निबंध लिहिताना केवळ खेळाचे नाव देऊन थांबू नये. आवृत्तीचा क्रमांक, ती खेळल्याचा दिनांक आणि जोडलेल्या पुरवण्या यांची नोंद करावी. हस्तलिखिताचा पाठ देताना पोथी कोणती हे न सांगणाऱ्या संपादकास आपण क्षमा करीत नाही. हा नियम येथेही लागू आहे.

प्रकाशाहून निघण्याच्या दिवशी भाच्याने पुन्हा खेळ उघडला होता. ज्या चुकीची तो वाट पाहत होता, तिच्याविषयी विचारले. “येईल,” तो म्हणाला. त्याच्या ‘-ईल’ चे ‘-णार’ होईल तेव्हाच या व्यवहारावरील त्याचा विश्वास परतला, असे समजावे.