कोठडीतल्या रूटला माउंट का नको?

आज चिकित्सेला घेतलेला निबंध संगणकातला आहे, प्रश्न मात्र तत्त्वज्ञानाला जुनाच: सर्वशक्तिमानाला बांधून ठेवता येतं का?

पॉल-हेनिंग कॅम्प आणि रॉबर्ट वॉटसन यांचा २००० सालचा निबंध, ‘जेल्स: कन्फायनिंग द ऑम्निपोटंट रूट’. युनिक्समध्ये रूट म्हणजे सर्वाधिकारी. एका यंत्रावर अनेकांना जागा द्यायची तर प्रत्येकाला आपापल्या कोठडीपुरतं रूट करावं, ही त्यांची युक्ती. फ्रीबीएसडी ४.० मध्ये ती आली. या रूटला आपल्या फाइली लिहिता येत, प्रोग्राम चालवता येत. फाइलसिस्टिम माउंट करणं मात्र बंद. माउंट म्हणजे एखाद्या डिस्कचा पसारा फोल्डरांच्या झाडाला जोडणं.

ऐकणाऱ्याला हा जाच वाटतो. माझ्या खोलीत माझं कपाट लावायला कसली मनाई?

इथे कोठडीचं रूपक आपल्याला फसवतं. भिंती वेगळ्या असल्या तरी कर्नल सगळ्यांचा एकच. कपाट तुमच्या खोलीत लागतं, पण त्यातल्या खणांची यादी वाचतो कर्नल. कोणी मुद्दाम खोटी यादी लिहिली आणि ती वाचताना कर्नलच कोसळला, तर शेजारीही गेले.

पुढे फ्रीबीएसडीने बंदी सैल केली, पण मोजून. ‘अलाउ.माउंट’ ही परवानगी मुळात बंदच असते. ती दिली तरी ‘एन्फोर्स_स्टॅटएफएस’ २ च्या खाली आणावं लागतं. शिवाय टीएमपीएफएस, नलएफएस, झेडएफएस अशी प्रत्येक प्रकाराची वेगळी संमती. आम्हाला ही मांडणी पटते.

लिनक्सची वाट वेगळी. २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून साधा वापरकर्ताही स्वतःच्या यूजर नेमस्पेसमध्ये रूट होऊ शकतो. तिथेही चाळणी आहे: टीएमपीएफएस चालते, एक्सटी४ चालत नाही. तरी जानेवारी २०२२ मध्ये सीव्हीई-२०२२-०१८५ हा दोष उघड झाला. माउंटचे पर्याय स्वीकारणाऱ्या कोडमध्ये लांबी तपासताना वजाबाकी शून्याखाली जाई, उत्तर प्रचंड मोठी संख्या ठरे आणि तपासणी फोल होई. म्हणजे डिस्क वाचणं दूरच, नुसता अर्ज घेतानाच घात. आणि अर्ज करायला नेमस्पेसमधलं रूटपण पुरेसं होतं.

म्हणून निबंधावर आमचा आक्षेप त्याच्या शीर्षकापासून सुरू होतो. ‘सर्वशक्तिमान’ म्हटलं की लक्ष व्यक्तीकडे जातं: अधिकार कोणाला? माउंटच्या बाबतीत आधी विचारायला हवं, कोणाचं लिहिलेलं कोण वाचणार आहे? बंदी लेखकांनी बरोबर घातली. तिचं कारण मात्र शीर्षकात मावत नाही.

आता उलट बाजूही पाहू. सरसकट बंदीची किंमत असते. डॉकर कंटेनरला माउंटचा अधिकार आपण होऊन देत नाही. मग अडलेला माणूस ‘प्रिव्हिलेज्ड’ लावून मोकळा होतो. एका कपाटापायी घराच्या सगळ्या किल्ल्या दिल्या! त्यापेक्षा यजमानाने बाहेरूनच माउंट करून तयार फोल्डर आत द्यावं. ते जमत नसेल तर नेमका प्रकार ठरवून तेवढीच परवानगी द्यावी. तुमच्यापैकी जे सर्व्हर सांभाळतात त्यांनी आज एवढंच तपासावं: आपल्या कोणत्या कंटेनरला ‘प्रिव्हिलेज्ड’ लावलंय, आणि ते नेमकं कशासाठी लावलं होतं?