वृत्तव्यवसायातील भाकडकाळ : नांदेड-लातूरच्या संदर्भात एक टिपण

वृत्तव्यवसायात शिरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांस अलीकडे एक उपदेश वारंवार ऐकविला जातो. काम मंदावले की त्या अवकाशात आपला उत्कर्ष साधावा. एखादे नवे तंत्र शिकावे, प्रमाणपत्र मिळवावे, ओळखी वाढवाव्यात, असा त्याचा आशय असतो. उपदेश वाईट नाही. परंतु तो ज्या भूमीवर उभा आहे ती नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांत आढळते काय, आणि 'उत्कर्ष' ह्या शब्दाने नेमके काय अभिप्रेत आहे, हे दोन प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत टिपणात ते विचारावयाचे आहेत.

ह्या उपदेशाच्या पुष्ट्यर्थ आपल्याकडे दोन उदाहरणे हमखास येतात. कोल्हापूर प्रकरणात आगरकर व टिळक १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. तेथे आगरकरांनी 'हॅम्लेट'चे भाषांतर केले आणि ते 'विकारविलसित' ह्या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहून काढले. ही उदाहरणे खरी आहेत. त्यांवरून काढले जाणारे अनुमान मात्र खरे नाही. वडिलांच्या अखेरच्या आजारात, १८७२ साली, त्यांना गीतेवरील प्राकृत टीका वाचून दाखविताना हा ग्रंथ आपल्यापुढे प्रथम आला असे टिळकांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. म्हणजे मंडालेच्या त्या काही महिन्यांमागे अडतीस वर्षे उभी होती. तुरुंगाने त्यांस लिहिण्यापुरता वेळ दिला, विषय दिला नाही. रिकामपण मिळाल्यावर विषय शोधू लागणाऱ्यास हे उदाहरण उपयोगी पडणार नाही.

आमच्या मते पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने 'विकारविलसिता'पेक्षा 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस' हे पुस्तक अधिक लक्षपूर्वक वाचावे. संपादकाच्या हातून पत्र काढून घेतल्यावर त्याच्याजवळ काय उरते, ह्याचे उत्तर तेथे आहे. उरते ते निरीक्षण. जेथे बातमीदार पोहोचत नाही अशा जागी आगरकर सक्तीने पोहोचले आणि तेथील अन्न, खोली, पहारेकरी, नित्यक्रम ह्यांनाच त्यांनी आपला विषय केले. तेही विनोद न सोडता.

शीर्षकातील 'भाकड' हा शब्द आम्ही जाणून योजिला आहे. भाकड म्हणजे निरुपयोगी, असा व्यवहारातला अर्थ. पण जाणता शेतकरी गाभण गाय आटविल्यावर तिचा खुराक तोडत नाही. पुढच्या वेताचे दूध ह्याच काळातील वैरणीवर अवलंबून असते हे तो जाणतो. तेव्हा खरा प्रश्न भाकडकाळात गायीने काय करावे हा नसून तिला वैरण कोणी घालावी हा आहे.

तालुक्याच्या गावी बातमीदारी करणाऱ्या अनेकांस ठराविक वेतन नसते. मिळवून दिलेल्या जाहिरातींवरील टक्केवारी हीच त्यांची मिळकत. दसरा-दिवाळी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, निवडणुका, आणि लातुरात तर निकालानंतर येणाऱ्या शिकवणी वर्गांच्या पानभर जाहिराती, हे त्यांचे सुगीचे दिवस. पितृपंधरवडा लागला की व्यापारी हात आखडता घेतो. पाऊस लांबला तर पोळाही कोरडा जातो. जिल्हा माहिती कार्यालयातील अधिकाऱ्याचा भाकडकाळ निराळा. आचारसंहिता लागू झाली की योजनांची प्रसिद्धी थांबते. निवडणुकीचे काम असले तरी नेहमीचे काम थंडावते, पगार थांबत नाही. एकाच पत्रपरिषदेत शेजारी बसणाऱ्या ह्या दोघांस एकच उपदेश करणे हे अज्ञान तरी आहे किंवा निष्ठुरता तरी. पहिल्याचा रिकामा महिना हा सवडीचा नसून उधारीचा असतो. तो त्या महिन्यात किराणा दुकानाचे हिशेब लिहितो, शिकवण्या घेतो, शेतीकडे पाहतो, आणि ते योग्यच करतो.

आता उत्कर्षाच्या अर्थाकडे वळू. तंत्राचे शिक्षण माणसास सुवाह्य करते. चित्रफीत संपादित करण्यास शिकलेला तरुण नांदेडहून पुण्यास जाऊ शकतो, आणि त्याने जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. विषयाचे शिक्षण माणसास एका जागी रोवते. ह्या दोहोंत विरोध आहे, आणि तो मिटविण्याचा आव आणू नये. इतके मात्र म्हणता येईल की पहिल्या प्रकारच्या शिक्षणाचा बोलबाला भरपूर आहे. दुसऱ्याचे नाव कोणी घेत नाही.

नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याचे उदाहरण घ्या. धर्माबाद तालुक्यातील गोदावरीवरच्या ह्या बंधाऱ्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निर्णय दिला. त्यानुसार दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावयाचे असतात, म्हणजे नदी भरून वाहते तेव्हा पाणी अडवावयाचे नाही. आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावयाचे असते. बंधाऱ्याची साठवण २.७४ टीएमसी. त्यामुळे वर्षातून ठरलेल्या तारखांना ठरलेली बातमी तयार होते : दरवाजे उघडले, दरवाजे मिटले, पाणी सोडले. ती लिहिण्यास दहा मिनिटे पुरतात. परंतु दरवाजे मिटल्यानंतर नदीत येणारे पाणी किती, त्यातून कोणत्या गावांचे शिवार भिजते, पोचमपाड धरणाच्या पाणलोटाशी ह्या बंधाऱ्याचा संबंध काय, ह्या प्रश्नांना तारीख नाही. ते प्रश्न नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या, बातमीच्या दृष्टीने निद्रिस्त महिन्यांतच हाती घेता येतात. निकालपत्र वाचण्यास लागणारा एक आठवडा हा खऱ्या अर्थाने व्यवसायविकासाचा आठवडा होय. त्याचे प्रमाणपत्र मिळत नाही एवढेच.

लातूरचे उदाहरण अधिक दुःखद आहे. औसा तालुक्यातील किल्लारी परिसरास १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत धक्के बसत होते. त्यांतील मोठा १८ ऑक्टोबरचा. त्यानंतर भूमी बरीचशी शांत झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, ही त्या घरांची रचना. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच छत त्या पहाटे जीव घेणारे ठरले. दोन घटनांमधील साडेअकरा महिने बातमीदाराच्या वहीत कोरे असणे स्वाभाविक आहे, कारण त्या काळात 'घडले' असे थोडेच होते. भूकंपाचे भाकीत शास्त्रज्ञासही करता आले नसते, तेव्हा कोणास दोष देण्याचे कारण नाही. पण घर कसे बांधले जाते, माळवदावर दरवर्षी मातीचा नवा थर का चढतो, त्याचे वजन कशावर तोलले जाते, हे गवंड्याला विचारण्यास भाकिताची आवश्यकता नसते. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. ती आज कशी नांदत आहेत, हाही पुन्हा सप्टेंबरअखेरीस आठवणारा आणि ऑक्टोबरात विसरला जाणारा विषय झाला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातुरास रेल्वेने पाणी आले तेव्हा दिल्लीचे बातमीदारही आले. गाडी थांबली तसे तेही थांबले. मांजरा धरणाचा आणि उसाचा हिशेब स्थानिकांकडेच राहिला.

येथे निलंग्याच्या एका सुपुत्राचे स्मरण होते. सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) हे वृत्तपत्रकार नव्हते. हैदराबाद संस्थानच्या सेवेतील अधिकारी होते. नोकरी सांभाळून त्यांनी गोंडी व कोलामी ह्या भाषांचा अभ्यास केला. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे अधिक महत्त्वाचे काम म्हणजे 'मोगल दरबाराची बातमीपत्रे'. औरंगजेबाच्या छावणीतून निघालेली ही अखबारे चाळताना प्रथम निराशा होते. बादशहा दरबारात आला, अमक्याची मनसब वाढली, तमक्याने नजर केली, अमक्या ठिकाणचा किल्लेदार बदलला, पानोपानी हेच. लढाई क्वचित येते. पण इतिहासकारास ह्याच नीरस नोंदींतून सत्ता कशी चालत होती, पैसा कोठे अडत होता, कोणावरची मर्जी उतरत होती, हे दिसू लागते. अखबारनवीसाला मात्र आपण इतिहास लिहीत आहोत अशी कल्पनाही नसावी. तो रोज लिहीत होता, कारण रोज लिहिण्यासाठीच त्यास वेतन होते. काही न घडलेल्या दिवसाचेही वेतन त्यास मिळत असे. आजच्या तालुका बातमीदाराहून तो एवढ्या बाबतीत तरी सुखी म्हणावयाचा.

ह्या वैरणीचा थोडा भार विद्यापीठांस उचलता येण्यासारखा आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली नांदेडला स्थापन झाले. त्याचे उपकेंद्र लातूरला आहे. पदव्युत्तर वर्गांत लिहिल्या जाणाऱ्या लघुप्रबंधांचे विषय पाहिले तर अमुक दैनिकातील अग्रलेखांचे आशयविश्लेषण, तमुक माध्यमाचा तरुणांवरील प्रभाव, अशी त्यांची जातकुळी आढळते. प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, टक्केवारी निघते, बाड कपाटात जाते. त्याऐवजी एका विद्यार्थ्याने एका तालुक्याच्या बातमीदारासह, त्याच्या भाकड महिन्यांत, एका बंधाऱ्याचा किंवा एका पुनर्वसित गावाचा अभ्यास करावा, आणि त्या बातमीदारास सहसंशोधक म्हणून नाव व मानधन दोन्ही मिळावीत. नाव देण्यास कोणाची हरकत असणार नाही. मानधनाचा विषय निघाला म्हणजे सभेत शांतता पसरते, हा आमचा अनुभव आहे. म्हणून त्याची तरतूद विभागाच्या अंदाजपत्रकात प्रथम व्हावी आणि विषयांची यादी नंतर करावी.