शब्दांआधीचा भाव : ‘ला कुंपारसिता’ची एक जुनी तबकडी

मार्च १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित भातखंडे तिचे सूत्रधार होते. तेथे श्रुतींविषयी वाद झाला आणि कृष्णाजी बल्लाळ देवल व क्लेमेंट्स यांचा श्रुतिहार्मोनियमही चर्चेस आला. वाद वरकरणी स्वरांच्या मोजमापाचा होता. परंतु त्याच्या मुळाशी एक सौंदर्यशास्त्रीय प्रश्न होता : संगीतातील भाव स्वरात वसतो, की स्वरांच्या परस्परसंबंधात?

या प्रश्नाचा विचार करताना, १९१६-१७ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेत निघालेल्या एका तबकडीचा दाखला उपयोगी पडतो. मोंतेविदेओ येथील खेरार्दो मातोस रोद्रिगेस या तरुण विद्यार्थ्याने कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी एक संचलनगीत रचले. रोबेर्तो फिर्पो या पियानोवादकाने त्याला टँगोचे रूप दिले आणि आपल्या वाद्यवृंदाकडून ते ध्वनिमुद्रित केले. तीच ‘ला कुंपारसिता’. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. वादक कर्ण्यासमोर दाटीने बसून वाजवीत. त्यामुळे खर्ज पुसट झाला आहे, आणि अवघा खेळ तीनेक मिनिटांत आटोपतो.

तरीही भाव निःसंशय जाणवतो. आरंभीचे तुटक स्वर मोजून टाकलेल्या पावलांसारखे पडतात, क्षणभर थबकतात, पुन्हा निघतात. उत्सवातून घरी परतणाऱ्याच्या मनातील हुरहुर म्हणावी, तशी ही छटा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात गांधार-निषाद करुणासाठी सांगितले आहेत, आणि येथेही कोमल गंधाराची छाया आहे. मग कोष्टक खरे ठरले, असे कोणी म्हणेल. पण हीच सुरावट प्रथम मिरवणुकीच्या उल्हासासाठी योजिलेली होती! मुख्य सुरावट तीच राहिली. बदलली ती लय आणि विरामांची जागा. शिवाय पियानोचे स्वर समविभागी असल्यामुळे श्रुतींची सूक्ष्मता येथे संभवत नाही. बँडोनिऑन तर भात्याच्या हवेने धातूच्या पट्ट्या कंपित करणारा, आपल्या पेटीचाच नातलग. मर्ढेकरांनी सांगितलेले संवाद, विरोध व समतोल हे लयीचे नियमच या परिणामाचा अधिक समाधानकारक उलगडा करतात.

१९२४ मध्ये पास्क्वाल कोंतुर्सी व एन्रिके मारोनी यांनी या चालीवर शब्द बसविले आणि हा टँगो जगभर गेला. त्या शब्दांत परित्यक्त प्रियकराचा विलाप आहे. शब्दांमुळे भावाला नाव मिळाले हे खरे. पण त्याच्या कक्षा आखडल्या. फिर्पोच्या तबकडीत विलाप नाही. तेथे खेद आहे, किंचित थट्टा आहे आणि चालत राहण्याचा निश्चयही आहे. यांपैकी एकच निवडावे, असा आग्रह वाद्यसंगीत धरीत नाही.

आपल्या अध्यापनात कवितेचा रस कोणता हे सांगितले की विवेचन संपले, अशी समजूत अद्याप प्रचलित आहे. रसाचे नाव हा आस्वादाचा आरंभ फार तर असू शकेल. ओळ कोठे थबकते, कोणता शब्द अपेक्षेपेक्षा उशिरा येतो, कोणत्या विरोधातून समतोल साधतो, हे दाखविल्यावाचून ते नाव रिकामे राहते. जिच्यात एकही शब्द नाही, अशी ही तबकडी वर्गात एकदा ऐकवावी. विद्यार्थ्यांना प्रथम भाव विचारू नये. ‘येथे थांबल्यासारखे कोठे वाटले?’ एवढेच विचारावे.