‘बरे होणे’ या शब्दाचा अर्थ : पॅट बार्कर यांच्या ‘रीजनरेशन’ कादंबरीचा विचार

१

दुःख बोलून दाखविले म्हणजे हलके होते, ही समजूत फार जुनी आहे. ‘मन मोकळे करणे’ हा मराठीतील वाक्प्रचार तिच्यावरच उभा आहे. मनात काही कोंडलेले असते आणि ते बाहेर पडले की मनाला मोकळीक मिळते, अशी त्यामागील कल्पना. आधुनिक मानसोपचाराने या लोकरूढ कल्पनेला शास्त्राचे रूप दिले. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचा उन्मादविषयक ग्रंथ १८९५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका रुग्ण स्त्रीने आपल्यावरील उपचाराला ‘बोलण्याचा उपचार’ असेच नाव दिले होते. तेव्हापासून विस्मृतीत गेलेला आघात शोधून काढावा, त्याला शब्द मिळावेत आणि शब्द मिळताच रुग्ण बरा व्हावा, हा क्रम कथा-कादंबऱ्यांना इतका परिचयाचा झाला की त्याला एका संकेताचे स्वरूप आले. रहस्यकथेत शेवटच्या प्रकरणी गुन्हेगार सापडावा, तशी अशा कथांत शेवटी आठवण सापडते.

पॅट बार्कर यांची ‘रीजनरेशन’ (१९९१) ही कादंबरी या संकेताच्या आत उभी राहून त्याची तपासणी करते. सर्वसाधारणतः तिचे वर्णन एका सहृदय डॉक्टराची आणि युद्धाने मोडलेल्या सैनिकांची कथा असे केले जाते. हे वर्णन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. रुग्ण बरा झाला असे कोण ठरवतो, आणि बरा होऊन तो कोणाच्या उपयोगी पडतो, हा या कादंबरीचा खरा प्रश्न आहे. तो दृष्टिआड केला तर तिच्यातील करुणा तेवढी उरते, तिची धार मात्र नाहीशी होते.

२

कादंबरीची पार्श्वभूमी ऐतिहासिक आहे. पहिल्या महायुद्धात ज्यांची मने खचली अशा ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी एडिंबरोनजीक क्रेगलॉकहार्ट येथे लष्करी रुग्णालय होते. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स (१८६४–१९२२) हे तेथील एक डॉक्टर. शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र आणि मानववंशशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत त्यांचे कार्य आहे. निलगिरीतील तोडा जमातीवरील त्यांचा ग्रंथ (१९०६) भारतीय अभ्यासकांना परिचित आहे. कवी सीगफ्रीड ससून याने जुलै १९१७ मध्ये युद्ध चालू ठेवण्याविरुद्ध जाहीर निवेदन काढले, तेव्हा त्याला लष्करी न्यायालयापुढे उभे न करता रुग्ण म्हणून रिव्हर्स यांच्याकडे पाठविण्यात आले. या निवेदनानेच कादंबरीचा प्रारंभ होतो.

हा प्रारंभ अर्थपूर्ण आहे. जो मनुष्य विचारपूर्वक निषेध करतो त्याला आजारी ठरविले की निषेधाचे लक्षणात रूपांतर होते आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी उरत नाही. ससून वेडा नाही, हे रिव्हर्सला पहिल्या काही भेटींतच कळते. तरीही त्याला रणांगणावर परत जाण्यास राजी करणे हे त्याचे कर्तव्य ठरते. म्हणजे ज्याला रोग नाही त्याच्यावर उपचार, आणि ज्या परिस्थितीने इतरांना रोगी केले तिच्यातच त्यांची परत पाठवणी, अशा दुहेरी विसंगतीत हा डॉक्टर पहिल्यापासून सापडलेला आहे. मानसोपचारावरील कथेचे केंद्र रुग्णाच्या भूतकाळात असते अशी वाचकाची अपेक्षा असते. येथे ते उपचारकाच्या वर्तमानात आहे.

३

आठवणीच्या शोधाचा संकेत बार्कर यांनी बिली प्रायर या कल्पित पात्राच्या द्वारे हाताळला आहे. प्रायर कामगारवर्गातून अधिकारपदावर आलेला तरुण आहे. रुग्णालयात येतो तेव्हा त्याची वाचा गेलेली असते आणि वहीत लिहून तो उत्तरे देतो. वाचा परत येते, पण ती जाण्यापूर्वी काय घडले ते आठवत नाही. संमोहनाने आठवण परत आणावी असा त्याचा आग्रह असतो. त्यामुळे मन अधिकच दुभंगण्याचा धोका आहे हे जाणून रिव्हर्स ते टाळतो, पण अखेरीस मान्य करतो.

या संपूर्ण कादंबरीत युद्धभूमी जवळजवळ कोठेच प्रत्यक्ष दिसत नाही. जे कळते ते रुग्णांच्या बोलण्यातून, स्वप्नांतून आणि गप्प बसण्यातून. वाचकही उपचारकाप्रमाणे ऐकणाऱ्याच्याच जागी बसलेला असतो. संमोहनाचा प्रसंग हा याला ठळक अपवाद होय. तेथे निवेदन थेट खंदकात उतरते. तोफगोळ्याने छिन्नविच्छिन्न झालेल्या दोन सहकाऱ्यांचे अवशेष प्रायर गोळा करीत असतो. एकाचा डोळा त्याच्या हातात येतो आणि तेथेच त्याची वाचा खुंटते. वाचकाला वाटते, रहस्य उलगडले.

परंतु प्रायरची प्रतिक्रिया अगदी अनपेक्षित आहे. त्याला मोकळे वाटत नाही, तो चिडतो. एवढेच होते का, असा त्याचा भाव असतो. आपल्या हातून काही अक्षम्य घडले असावे, या भयाने तो इतके दिवस ग्रासलेला होता. प्रत्यक्षात निघाले ते खंदकातील रोजच्या भीषणतेहून फारसे निराळे नव्हते. यावर रिव्हर्स जे सांगतो त्याचा आशय असा, की मन बहुधा एका घटनेने मोडत नाही. जेथून सुटका नाही अशा परिस्थितीत आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने राहिल्याने ते झिजत जाते. शोधाच्या संकेतावर केलेला हा नेमका आघात आहे. आठवण सापडली, पण तिच्यात कारण सापडले नाही. कारण परिस्थितीत होते, आणि ती परिस्थिती अद्याप चालूच आहे.

यानंतरचा क्षण कादंबरीत फार थोडक्यात येतो. प्रायर रडू लागतो आणि रिव्हर्सच्या छातीवर डोके आपटत राहतो. त्या आवेगात मार आणि आधार या दोहोंची याचना एकत्र झालेली आहे. जे काही बरे होणे येथे घडते ते आठवणीपेक्षा या स्पर्शात अधिक आहे. एरवी प्रायर उपचारकाच्या तटस्थतेवर सतत हल्ला करतो. प्रश्न नेहमी एकानेच का विचारावेत, असे तो विचारतो आणि रिव्हर्सच्या स्वतःच्या तोतरेपणाकडे बोट दाखवितो. वाचा जाणे हे सामान्य शिपायाचे लक्षण आणि तोतरेपणा हे अधिकाऱ्याचे, हा सिद्धांत मांडणारा डॉक्टर स्वतःच तोतरा आहे! सॉलोमन बेटांवर रिव्हर्सने लोकांना त्यांच्या चालीरीतींविषयी प्रश्न विचारले, तेव्हा त्यांनी तेच प्रश्न उलट त्याला विचारले होते. त्या आठवणीचा धागा येथे जुळतो. प्रश्नकर्त्याचे स्थान आपोआप सिद्ध झालेले नाही, त्यालाही कोणी तरी प्रश्न विचारू शकतो, हे त्याला दोन्ही ठिकाणी कळते.

४

बोलण्याच्या उपचाराची मर्यादा रिव्हर्स यांनी स्वतःच नोंदविली होती. युद्धानुभवाच्या दमनाविषयी त्यांनी डिसेंबर १९१७ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे निबंध वाचला. जे घडले ते विसरून जा, हा आप्तांचा व वैद्यांचा सल्ला रुग्णाला अपाय करतो, असे त्यांचे प्रतिपादन. मात्र आठवण नुसती उगाळत राहावी, असेही त्यांचे मत नव्हते. आठवणीत सोसता येईल अशी एखादी बाजू शोधावी आणि तिच्या आधाराने उरलेल्या भागाकडे पाहण्याची सवय करावी, ही त्यांची पद्धत. मित्राचा देह छिन्नविच्छिन्न झालेला पाहिलेल्या एका अधिकाऱ्याला, त्या मित्राला मृत्यू तत्क्षणी आला असला पाहिजे, या विचाराने दिलासा मिळाला. त्याचे स्वप्न थांबले नाही, पण त्यातील भयाची जागा शोकाने घेतली. भयाचे शोकात रूपांतर, ही बरे होण्याची एक अत्यंत संयत व्याख्या आहे.

पण त्याच निबंधात असाही एक रुग्ण आहे, की ज्याच्या अनुभवात सोसण्याजोगी एकही बाजू सापडली नाही. बार्कर यांचा बर्न्स त्याच्यावरून घडला आहे. स्फोटाने उडून तो एका फुगलेल्या प्रेतावर तोंडघशी पडला होता. तेव्हापासून अन्न पोटात ठरत नाही. त्याच्यासमोर रिव्हर्सचे सारे शास्त्र थिटे पडते. रुग्णालयातून सुटल्यावर समुद्रकाठच्या गावी तो राहत असताना रिव्हर्स पाहुणा म्हणून त्याच्याकडे जातो. एका वादळी रात्री बर्न्स घरातून नाहीसा होतो आणि रिव्हर्स त्याला शोधून काढून कवेत घेतो. त्यानंतर बर्न्स आपण होऊन थोडे बोलू लागतो. येथे उपचारगृह नाही, पद्धत नाही, हुद्दाही नाही. कादंबरीतील सर्वांत खरा उपचार उपचाराच्या चौकटीबाहेर घडावा, हे लेखिकेने काही टीका न करता वाचकापुढे ठेवले आहे.

५

लंडनमधील लुइस यीलंड यांच्या उपचाराचे प्रकरण हा कादंबरीचा सर्वांत प्रभावी आणि सर्वांत वादग्रस्त भाग होय. कॅलन नावाच्या मुक्या शिपायाला बंद खोलीत ठेवून, घशाला विजेचे झटके देऊन बोलावयास भाग पाडले जाते. बोलल्यावर त्याच्या चेहऱ्यावर उमटलेले हसूही यीलंडला खपत नाही. त्यासाठीही झटका दिला जातो. यीलंड यांच्याच १९१८ सालच्या ग्रंथातील रुग्णवृत्तावर हा प्रसंग आधारलेला आहे.

रिव्हर्स व यीलंड यांचा विरोध बार्कर यांच्यापूर्वी इलेन शोवॉल्टर यांनी ‘द फीमेल मॅलडी’ (१९८५) या ग्रंथात मांडला होता. त्या ग्रंथाचे ऋण कादंबरीने मान्य केले आहे. त्या विरोधात काही सुलभीकरण आहे, हे नाकारता येत नाही. वीज, सूचना आणि धाक यांचा वापर त्या काळी अनेक ठिकाणी होत होता; यीलंड हे एकटे अपवाद नव्हते. कादंबरीत मात्र त्यांना अंतर्मन असे दिलेलेच नाही. इतर पात्रांना लाभलेला न्याय या एका पात्राला लाभत नाही, हा दोष मान्य केला पाहिजे.

तथापि लेखिका या विरोधावरच थांबली असती तर हा दोष घातक ठरला असता. त्या रात्री रिव्हर्सला पडलेल्या स्वप्नात तो स्वतःच एका रुग्णाच्या तोंडात घोड्याचा लगाम खुपसत असतो. जागा झाल्यावर त्याला कळते, की यीलंड विजेने जे करतो तेच आपण सौजन्याने करतो. मूकत्व, तोतरेपणा, पक्षाघात ही शरीराने केलेली तक्रार आहे. ती दूर केली की तक्रारही मिटते आणि शिपाई पुन्हा उभा राहतो. साधनांतला फरक रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा आहे. साध्य मात्र एकच आहे. दुष्ट डॉक्टर आणि सज्जन डॉक्टर, हा सोपा भेद या स्वप्नाने मोडून काढला आहे.

६

कादंबरीचे नाव ज्या प्रयोगावरून आले तो मनाचा नव्हे, मज्जातंतूंचा आहे. हेन्री हेड यांनी १९०३ साली स्वतःच्या हातातील मज्जातंतू छेदून घेतले आणि ते पुन्हा जुळताना संवेदना कशी परतते, याच्या नोंदी रिव्हर्स यांनी सुमारे चार वर्षे केल्या. प्रथम परतली ती अनावर, ठावठिकाणा न लागणारी वेदना. सूक्ष्म व विवेकी संवेदना नंतर आली. या रूपकाचा अर्थ उघड आहे. बरे होणे म्हणजे वेदना थांबणे नव्हे. बधिर झालेल्या ठिकाणी प्रथम वेदनाच परत येते. आणि हा नियम रुग्णापेक्षा रिव्हर्सलाच अधिक लागू पडतो. भावनांवर ताबा ठेवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला रुग्णांचे ऐकता ऐकता पुन्हा दुखू लागते.

१९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या रोगनिदान-पुस्तिकेत आघातोत्तर मनोविकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची चळवळ होती. १९९२ साली ज्युडिथ हर्मन यांनी सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि माणसांशी पुनश्च संबंध अशा तीन अवस्था मांडल्या. क्रेगलॉकहार्टच्या रुग्णांना यांपैकी पहिलीच अवस्था नाकारलेली होती. ज्याला परत त्याच आगीत जायचे आहे त्याला सुरक्षितता कोठून मिळणार? म्हणून उपचार कितीही हळुवार असला, तरी ज्या संस्थेसाठी तो चालतो तिचे प्रयोजन त्यात मिसळलेले राहते.

अखेरीस ससून स्वतःहून परत जावयास सिद्ध होतो. आपल्या माणसांना सोडून सुरक्षित राहणे त्याला असह्य झालेले असते. रिव्हर्स त्याच्या कागदपत्रांच्या शेवटच्या पानावर, तो कामावर रुजू होण्यास मोकळा झाला, अशी नोंद करतो आणि कादंबरी संपते. कार्यालयीन भाषेत ही उपचाराच्या यशाची नोंद आहे. परंतु तोपर्यंत वाचकाने इतके ऐकलेले असते की ती त्याला यशाची वाटत नाही. मन मोकळे झाले, पण माणूस मोकळा झाला नाही. आघात आणि उपचार यांवरील साहित्याचे मूल्यमापन करताना, पात्राला आठवण सापडली की नाही एवढे पाहून भागणार नाही. ती ऐकणारा कोण होता, तो कोणाच्या वतीने ऐकत होता आणि ऐकल्यानंतर स्वतः किती बदलला, हेही पाहावे लागेल. ‘रीजनरेशन’चे महत्त्व आहे ते ही कसोटी तिने पुरविली म्हणून.