दिवाळीच्या किल्ल्यावरील लघुमूर्ती : घडण, रूपांतर आणि रंगकाम यांची चिकित्सा (विशेष संदर्भ : गगनबावडा)

प्रस्तावना

दिवाळीच्या दिवसांत अंगणात मातीचा किल्ला उभारण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. दगड-विटांचा आधार, त्यावर ओले पोते, पोत्यावर मातीचा लेप, उतारावर पेरलेले हळीव किंवा मोहरी, माथ्यावर सिंहासनारूढ शिवाजी महाराज आणि वाटेवर उभे असलेले मावळे असे या किल्ल्याचे सर्वपरिचित रूप आहे. या प्रथेविषयीचे लेखन बहुधा संस्कार, इतिहासप्रेम आणि बालमानस या तीन अंगांनी केले जाते. किल्ल्यावर मांडल्या जाणाऱ्या मूर्ती, ज्यांना बोलीभाषेत 'किल्ल्यावरची चित्रे' म्हटले जाते, त्यांचा कलावस्तू म्हणून स्वतंत्र विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. मूर्ती घडविणे, तयार मूर्तीत बदल करणे आणि तिला रंग देणे या तिन्ही क्रियांचा विचार गगनबावडा परिसराच्या संदर्भात करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या मूर्तींचे मूल्य त्यांच्या ऐतिहासिक अचूकतेपेक्षा मांडणाऱ्याच्या हाताने त्यांत केलेल्या फेरबदलांवर अधिक अवलंबून असते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

लघुमूर्ती : संकल्पना आणि जागतिक संदर्भ

लहान आकारातील कलाकृती मनाला का भुरळ घालते, या प्रश्नाचा विचार फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला आहे. मोठी वस्तू समजून घेताना आपण तिच्या भागांकडून पूर्णाकडे जातो. वस्तू लहान केली की पूर्ण रूप आधी हाती येते आणि भाग नंतर उलगडतात, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल. हाताशी पडलेल्या तुकड्यांतून, उरल्यासुरल्या सामग्रीतून नवी रचना करणाऱ्या कारागिराची संकल्पनाही त्यांनी याच ग्रंथात मांडली. दिवाळीच्या किल्ल्याला या दोन्ही कल्पना तंतोतंत लागू पडतात. प्रत्यक्ष गड चढताना एका नजरेत न मावणारा विस्तार अंगणात एका दृष्टिक्षेपात येतो, आणि त्याची सामग्री घरातील टाकाऊ वस्तूंतूनच गोळा झालेली असते.

पाश्चात्त्य देशांत खेळण्यातील सैनिकांना दीर्घ परंपरा आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून पोकळ ओतीव शिशाचे सैनिक विकण्यास आरंभ केला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली अशा सैनिकांच्या लुटुपुटुच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. १९८३ साली आलेल्या 'वॉरहॅमर' या खेळामुळे ऐतिहासिक सैनिकांच्या जोडीला राक्षस, बुटके आणि जादूगार अशा अद्भुत लघुमूर्तींचे विश्व विस्तारले. साधारण २८ मिलिमीटर उंचीच्या या मूर्ती साच्यातूनच निघतात. परंतु या छंदात साच्यातून निघालेली मूर्ती हा केवळ कच्चा माल समजला जातो. एका मूर्तीचा हात कापून दुसरीला जोडणे, पुट्टीने नवा झगा घडविणे, शस्त्र बदलणे यांस तेथे मानाचे स्थान आहे. या क्रियेसाठी 'रूपांतर' ही संज्ञा येथे योजली आहे. घडण आणि खरेदी या दोन टोकांच्या मधला हा मार्ग आहे आणि किल्ल्याच्या चिकित्सेत त्याचे महत्त्व मध्यवर्ती आहे.

गगनगड आणि कल्पनेची अपरिहार्यता

कोल्हापूरच्या पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरवर सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा वसलेले आहे. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट येथून कोकणात उतरतात. या घाटवाटांवर लक्ष ठेवणारा गगनगड शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला, असे परंपरेने मानले जाते. पुढे बावडा हे हुकूमतपनाह रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याच्या जहागिरीचे ठिकाण झाले. रामचंद्रपंतांच्या नावावर असलेल्या 'आज्ञापत्र' या अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ग्रंथात दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. आधी पाण्याची सोय पाहावी, एकाच झऱ्यावर विसंबू नये, दरवाजा खालून थेट दिसू नये, एकाच दरवाजावर भिस्त ठेवू नये, चोरदिंडी ठेवावी, शेजारी उंच डोंगर असल्यास त्याचा बंदोबस्त करावा, असे त्यातील दुर्गविचाराचे सूत्र आहे. ज्या गावाचे नाव या घराण्याशी जोडलेले आहे, त्या गावातील मुलाच्या किल्ल्यात टाके कोठे आणि दिंडी कोठे, हा प्रश्न त्यामुळे केवळ सजावटीचा राहत नाही.

तथापि गगनगडाची हुबेहूब प्रतिकृती करण्यात एक मूलभूत अडचण आहे. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी कोल्हापूर भागातील अनेक किल्ल्यांची तटबंदी पाडली, आणि उरलेले काम काळाने व येथील धुवाधार पावसाने केले. गगनगड आज प्रामुख्याने गगनगिरी महाराजांच्या मठामुळे भाविकांना परिचित आहे. जे डोळ्यांना दिसते त्याचीच नक्कल करावयाची म्हटल्यास तट, बुरूज व पहारे यांचा बराच भाग कल्पनेनेच उभा करावा लागतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशांतर्गत बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा आहे. या गौरवामुळे नामांकित किल्ल्यांच्या मोजमापबद्ध प्रतिकृती करण्याकडे ओढा वाढणे स्वाभाविक आहे, आणि अशा प्रतिकृतींचे शैक्षणिक मूल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु यादीबाहेरच्या, ढासळलेल्या गडाखाली राहणाऱ्या मुलाला हा निकष लावला तर त्याच्या हाती फक्त उणीव उरते. त्याच्यासाठी कल्पना ही इतिहासाची शत्रू नसून त्याकडे जाण्याची एकमेव वाट आहे.

साच्यातील मावळा

किल्ल्यावरील मूर्ती पूर्वी शाडूच्या वा साध्या मातीच्या असत. कोल्हापूर शहरात शाहूपुरी, गंगावेश आणि बापट कॅम्प येथील कुंभारवस्त्या मूर्तिकामासाठी प्रसिद्ध आहेत. मातीच्या मूर्तीला साचा वापरला तरी साच्यातून काढल्यावर ओल्या मातीवर हात फिरवावा लागतो. कडा घासणे, हाताची बोटे सुटी करणे, मान किंचित वळविणे ही कामे त्या ओघात होतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीत ही सवड उरत नाही. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते आणि साच्यातील रूप जसेच्या तसे बाहेर येते. त्यामुळे उजव्या हातात भाला, डाव्या हातात ढाल, अंगात पांढरा अंगरखा आणि डोक्यावर भगवा फेटा असलेला एकच मावळा शंभर किल्ल्यांवर उभा राहतो.

या एकसारखेपणाचा परिणाम केवळ सौंदर्यदृष्टीपुरता मर्यादित नाही. गडाचे जीवन सैनिकापुरते नव्हते. हवालदार, सबनीस, कारखानीस यांच्याबरोबर घेऱ्यात पहारा करणारे रामोशी, महार, बेरड, पाणक्ये, गवंडी, लोहार, गवताचे भारे वाहणाऱ्या स्त्रिया यांच्यावाचून कोणताही गड एक पावसाळा टिकला नसता. शिवकालीन आरमारात दौलतखानासारखा मुसलमान अधिकारी होता. बाजारात मिळणाऱ्या संचात महाराज, मावळे, तोफा, वाघ आणि फार तर एखादी गवळण असते. जो साचा विकला जातो तोच काढला जातो, आणि ज्यांचा साचा नाही ते लोक किल्ल्यावरून नाहीसे होतात. गड कोणाच्या श्रमावर उभा होता याची मुलाच्या मनातील पहिली प्रतिमा अशा प्रकारे विक्रीच्या सोयीने ठरते. साच्यातील मावळ्यावरचा मुख्य आक्षेप हा आहे.

प्रमाणभंग आणि कालविपर्यास

दिवाळीच्या किल्ल्यावर नेहमी घेतले जाणारे आक्षेप वेगळेच असतात. मावळ्यापेक्षा वाघ मोठा असतो, पायथ्याशी आगगाडी धावते, बुरुजाशेजारी बंदूकधारी जवान उभा असतो, असे हे आक्षेप आहेत. यांपैकी प्रमाणभंगाचा आक्षेप कलापरंपरेच्या दृष्टीने टिकत नाही. कोल्हापूर परिसरातील गावोगावच्या वीरगळांवर वीराची आकृती इतरांहून मोठी कोरलेली आढळते. तेथे आकार अंतर दाखवीत नाही, महत्त्व दाखवितो. मुलाच्या किल्ल्यावर महाराजांची मूर्ती प्रवेशद्वारातून आत जाऊ शकणार नाही एवढी मोठी असते, त्यामागेही हाच न्याय आहे.

कालविपर्यासाबाबत मात्र तारतम्य आवश्यक आहे. घरात असलेली मोडकी आगगाडी मुलाने किल्ल्याच्या पायथ्याशी आणली, तर त्याने आपले जग गडाला जोडले असे म्हणता येते. घाटाखाली वैभववाडीला रेल्वे स्थानक असलेल्या गगनबावड्याच्या संदर्भात ती आगगाडी भूगोलाला धरूनही ठरते. याउलट संचातच आलेला जवान निव्वळ जागा भरण्यासाठी उभा केला, तर त्या मांडणीला अर्थ राहत नाही. बा. सी. मर्ढेकर यांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली. तांबड्या मातीवर हळिवाची कोवळी हिरवळ, खडबडीत जांभ्यापुढे गुळगुळीत मूर्ती, उंच माथा आणि खालचा पाण्याचा आरसा या रचनेत ती सहज ओळखता येतात. अशा रचनेत एखादी विसंगत वस्तूही विरोधलयीचे काम करू शकते. विसंगती हेतुपूर्वक आहे की अनवधानाने, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे.

रूपांतर : स्थानिकतेचा मार्ग

प्रत्येक मुलाने प्रत्येक मूर्ती स्वतः घडवावी, ही अपेक्षा अवास्तव आहे. विकत आणलेल्या मूर्तीचे रूपांतर मात्र कोणालाही शक्य आहे. गगनबावड्याचा पाऊस जिल्ह्यात सर्वाधिक समजला जातो. या भागात शेतकामाच्या वेळी बांबूच्या कामट्या व पाने यांचे इरले पांघरण्याची रीत होती. पावसाळ्यात गगनगडावर पहारा करणारा शिपाई इरल्यावाचून वा घोंगडीवाचून कसा उभा राहील, हा प्रश्न मुलाला सुचला की रूपांतराला सुरुवात होते. फणसाचे वाळके पान खराट्याच्या काड्यांवर बेतून मावळ्याच्या पाठीला लावले की इरले तयार होते. फडक्याचा तुकडा शाडूच्या पातळ कालवणात भिजवून मूर्तीच्या खांद्यावर घातला की वाळल्यावर घोंगडीच्या चुण्या जशाच्या तशा राहतात. वाळलेल्या मातीवर ओल्या मातीचा जाड थर दिल्यास तो आकसून तडकतो, म्हणून येथे पातळ लेपच उपयोगी पडतो. प्लास्टरच्या मूर्तीचा हात बदलावयाचा असल्यास बारीक तार रोवून एम-सीलने सांधा भरता येतो. भाला काढून हातात फावडे दिले की त्याच मावळ्याचा गवंडी होतो, आणि घागर दिली की पाणक्या होतो.

या कृती लहान असल्या तरी त्यांचा अर्थ लहान नाही. शंभर किल्ल्यांवर उभा असणारा मावळा इरले पांघरताच फक्त गगनगडाचा होतो. साच्याने पुसलेली माणसे दोन काड्या आणि चिमूटभर मातीच्या आधारे गडावर परत येतात.

रंगकाम आणि प्रकाश

परदेशी लघुमूर्तींच्या रंगकामात पातळ काळपट रंग खोबणींत उतरू देऊन छाया निर्माण करतात, तर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवटे उजळतात. त्या तुलनेत किल्ल्यावरील मूर्तींचे रंगकाम सपाट आणि भडक वाटते. मात्र ही तुलना करताना प्रकाशाचा विचार करावा लागतो. परदेशी मूर्ती दिव्याखाली, हातात धरून निरखली जाते. किल्ल्यावरील मूर्ती संध्याकाळी, चार हातांवरून, पणतीच्या उजेडात पाहिली जाते. पणतीचा उजेड खालून येतो व हलता असतो. चेहऱ्यावरच्या छाया तोच घडवितो. अशा वेळी रंगविलेल्या छाया अनावश्यक ठरतात आणि स्वच्छ, गडद रंगच लांबून ओळखू येतात. म्हणून सपाट रंग हा पणतीच्या संदर्भात गुण होता. विजेच्या माळांच्या सर्वत्र सारख्या उजेडात मात्र तोच रंग निर्जीव दिसतो. प्रकाश बदलला पण रंगपद्धती तीच राहिली, हा आजच्या रंगकामातील खरा दोष आहे. डोळ्यांची आखणी ही या कामातील सर्वांत अवघड पायरी होय. फवाऱ्याने रंगविलेल्या मूर्तींत सर्वांत मोठी हानी तेथेच होते. सर्व मूर्तींची नजर एकाच दिशेला लागली की पहारा देणारा कोणीच उरत नाही.

निष्कर्ष

१) दिवाळीच्या किल्ल्यावरील लघुमूर्ती या स्वतंत्र चिकित्सेस पात्र अशा कलावस्तू आहेत.

२) प्रमाणभंग हा त्यांचा दोष ठरत नाही. वीरगळांसारख्या स्थानिक शिल्पपरंपरेत त्याला आधार आहे.

३) साच्याच्या एकसारखेपणामुळे श्रमिक व उपेक्षित घटक किल्ल्यावरून नाहीसे होतात. ही हानी ऐतिहासिक अचूकतेच्या त्रुटींहून अधिक गंभीर आहे.

४) तयार मूर्तीचे रूपांतर हा घडण आणि खरेदी यांमधील व्यवहार्य मार्ग असून त्यातून मूर्तीला स्थानिक ओळख प्राप्त होते.

५) किल्ला स्पर्धांचे परीक्षण करताना प्रतिकृतीच्या अचूकतेबरोबरच स्वतःच्या हाताने केलेल्या फेरबदलांना स्वतंत्र गुण देणे उचित ठरेल. तसे झाल्यास गगनगडासारख्या ढासळलेल्या गडाखालील मुलाचा किल्लाही रायगडाच्या प्रतिकृतीशेजारी मानाने उभा राहू शकेल.