शेवटच्या पानावरचे शब्दार्थ

उद्धव शेळके यांच्या 'धग'मधल्या एका शब्दाने मला बरेच दिवस फसवलं. शब्द होता वावर. आमच्या पुण्यातल्या बोलण्यात वावर म्हणजे येणं-जाणं, असणं. अमक्याचा नाटकवाल्यांत वावर आहे, असं आपण म्हणतो. त्यामुळे कादंबरीतलं कुणी वावरात गेलं की मला वाटायचं, गेलं असेल कुठेतरी हिंडायला. पण हिंडायला गेलेली बाई इतकी दमून कशी येते, आणि मजुरीचं बोलणं मधेच कुठून निघतं, हे काही जुळेना. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. वावर म्हणजे शेत.

ही गंमत मी कुणालाही हसत सांगितली असती. पण माझे बाबा अमरावती जिल्ह्यातले आहेत. हा शब्द मला घरातच मिळायला हवा होता.

तो का मिळाला नाही, त्याचंही कारण आहे. तिसरीत असताना मी वर्गात "पेन भेटलं नाही" असं म्हटलं. बाईंनी उभं केलं आणि सगळ्यांसमोर दुरुस्त केलं, "माणूस भेटतो, वस्तू मिळते." वर्ग हसला. घरी येऊन मी ते जसंच्या तसं सांगितलं. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत, पण त्यानंतर ते माझ्यासमोर जपून 'मिळालं' म्हणायला लागले. आजीचा फोन आला की बाल्कनीत जायचे. दाराआडून 'मले', 'तुले' ऐकू यायचं. म्हणजे वऱ्हाडी ही माझ्यासाठी बाल्कनीतली भाषा होती.

'धग' १९६० सालची. कौतिक नावाची बाई, तिचा कर्तृत्वशून्य नवरा महादेव, मुलं, आणि संसार सावरायची तिची अखंड धडपड, जी तिला शेवटी वेडापर्यंत नेते. कादंबरीबद्दल लिहिणारे बहुतेक जण कौतिकच्या सोसण्यावर लिहितात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र इथे एका छोट्या गोष्टीबद्दल बोलायचंय. ही कादंबरी शब्द शिकवते कशी?

सुरुवातीला मी शहाणपणा केला. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात फोन, फोनवर बृहद्कोश उघडा. अडलं की टाइप कर, अर्थ बघ, पुढे जा. दोन दिवसांत पंधरा-वीस पानं झाली आणि माझ्याकडे शब्दांची यादी तयार झाली, पण कौतिक कुठे होती? ती नवऱ्याशी भांडत असायची आणि मी भांडणाच्या मधे थांबून एकेक शब्द उलगडत बसायचे. भांडण असं ऐकतात का! मग फोन ठेवून दिला आणि स्वतःला नियम घातला, एखादा शब्द तीनदा आल्याशिवाय बघायचा नाही. तिसऱ्या वेळेपर्यंत बघायची गरज असलेले शब्द फारच थोडे उरले.

कारण शेळक्यांनी वाचकासाठी एक सोय ठेवली आहे. निवेदन बरंचसं प्रमाण मराठीत आहे आणि संवाद वऱ्हाडीत. एखाद्या संवादात अडखळलात तर पुढच्या निवेदनात पाय टेकायला जागा मिळते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, शब्द येतो तो कुणाच्या तरी तोंडून, कुणाला तरी उद्देशून. समजावताना, चिडून, गयावया करताना. तो रागात वापरतात की लाडात, हे अर्थाच्या आधी कळतं. माझ्या अनुभवात असे शब्द पक्के बसतात. यादीतले उडून गेले.

हा पूल नसेल तर? त्यासाठी आनंद यादवांची 'गोतावळा' वाचावी, १९७१ सालची. इथे गोष्ट सांगतो नारबा, शेतावरचा गडी, आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्याच, कोल्हापूरकडच्या बोलीत सांगतो. पहिली काही पानं मला खरोखर जड गेली. पण 'धग'मध्ये मी बोली ऐकत होते, इथे बोलीत विचार करावा लागतो. नारबाचं जग म्हणजे जनावरं, पिकं आणि त्यांची कामं, आणि जवळजवळ प्रत्येक अनोळखी शब्दाला एक काम चिकटलेलं असतं. हात काय करतोय ते दिसलं की शब्द कळतो. मग मालक ट्रॅक्टर आणतो. जनावरं जायला लागतात. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, आत्ताच कष्टाने शिकलेले शब्द पुस्तक माझ्या डोळ्यांदेखत बेकार करतंय. कोशात बघून शिकले असते तर त्यांचं जाणं मला टोचलं नसतं.

आता शब्दार्थांच्या यादीबद्दल, जी पाठ्यपुस्तकात धड्याखाली असते आणि काही पुस्तकांत शेवटच्या पानावर. 'वावर = शेत'. चूक नाही. पण ते बरोबरचं चिन्ह जरा जास्तच आत्मविश्वासाने बसलेलं असतं. त्याहून गमतीचं, 'निंदण = खुरपणी'. विदर्भात जे निंदण, ते इतर बऱ्याच भागांत खुरपणी, सांगली-कोल्हापूरकडे भांगलण. पिकातलं तण काढायचं काम एकच. पण ज्या वाचकासाठी हा अर्थ दिलाय त्या माझ्यासारखीने खुरपं तरी कधी हातात धरलंय? एका न कळणाऱ्या शब्दाच्या जागी मला दुसरा न कळणारा शब्द दिला, फक्त तो छापील मराठीला जास्त जवळचा.

आणि अशी यादी कुणाच्या शब्दांना लागते? 'विमनस्क', 'औत्सुक्य', 'अनिमिष' असे शब्द कथा-कादंबऱ्यांत बिनधास्त येतात. अमरावतीच्या खेड्यातल्या पोट्ट्यासाठी त्यांचे अर्थ कादंबरीमागे कुणी छापत नाही. त्याने ते आपसूक शिकायचे, आणि तो शिकतोही. पुण्यातल्या वाचकासाठी मात्र वावर समजावून सांगायचं. मराठीतलं आद्य गद्य मानलं जाणारं 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात ज्या रिद्धपुरात रचलं गेलं, ते अमरावती जिल्ह्यातच आहे. हे मला शाळेत शिकवलं होतं, परीक्षेत एका मार्काला आलंही होतं. 'पेन भेटलं'शी त्याचा काही संबंध असेल असं तेव्हा वाटलं नाही.

न कळण्याचं काय करावं, याचं मला सापडलेलं सगळ्यात प्रामाणिक उदाहरण आहे नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ची प्रस्तावना. १९७२ साल. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची, म्हणजे तोवर मोठं नाव झालेल्या लेखकाची. आणि ते तिथे कबूल करतात की यातले अनेक शब्द आपल्याला कळले नाहीत. ढसाळांची मुंबई आणि त्यांची मुंबई एकाच नकाशात होती, तरी. त्यांनी कवीला विचारलं. समीक्षकाने विचारणारा व्हावं आणि कवीने सांगणारा, हे मराठीत रोज घडत नाही. कोशाने हे काम केलं नसतं.

कोशावर माझा राग नाही, हे सांगून टाकते. दाते-कर्वे मंडळींचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ मध्ये सात विभागांत निघाला आणि त्यात शब्दापुढे तो कोणत्या भागातला याच्या खुणा आहेत. कंसातलं एवढंसं 'व.' पाहून मला पहिल्यांदा कळलं की बाल्कनीतल्या भाषेची कुणीतरी नोंद ठेवली होती. आणि अंदाजाने वाचणं नेहमी जमतं असंही नाही, वावरचं उदाहरण वर दिलंच आहे. पण ती चूक माझ्या उपयोगी पडली. वावर हा शब्द आता मी विसरणं शक्य नाही, आणि तो वापरताना अजून जरा अवघडते. अवघडणंही बरोबरच आहे. माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही.

मागच्या दिवाळीत 'धग' घरी टेबलावर पडली होती. बाबांनी चाळायला घेतली. चाळता चाळता खुर्ची ओढून बसले. चहा गार झाला तरी मान वर नाही. मधेच एकदा हसले, एक वाक्य पुटपुटले, आणि मी ज्या शब्दावर जोर देत आले होते त्यावर त्यांनी दिला नाही, भलतीकडेच दिला. मग चष्मा वर करून माझ्याकडे बघत म्हणाले, "हे पुस्तक तुले कुठं भेटलं?"

मी दुकानाचं नाव सांगितलं.