जांभा, कौल आणि जीर्णोद्धार

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वारशाचा विषय निघाला की आपण वयापासून सुरुवात करतो: देऊळ किती शतकांचे, किल्ला कोणाच्या कारकिर्दीतला. मी आधी छप्पर पाहतो. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या मुलखात वास्तूचे आयुष्य तिथेच ठरते.

थिबा पॅलेस घ्या. १८८५मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केले, पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१०मध्ये हा वाडा त्याच्या हवाली केला. १९१६च्या डिसेंबरात तो वारला. म्हणजे वाडा त्याला लाभला जेमतेम सहा वर्षे. ब्रह्मी सागवान, अर्धवर्तुळाकार खिडक्या, रंगीत काचा, नृत्याचे दालन अशी सारी ऐट आहे. पण भिंती जांभ्याच्या आणि माथा उतरता. पावसापुढे साहेबालाही कोकणी गवंड्याचेच ऐकावे लागले, असे दिसते. आज तो राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहे, संग्रहालय आहे. वास्तू जपली गेली, तिच्यात नांदणारे कोणी उरले नाही.

कसबा संगमेश्वरचे कर्णेश्वर याच्या दुसऱ्या टोकाला. चालुक्य घाटणीचे हे शिवमंदिर छतासकट दगडात घडवलेले. कोरीव खांबांवरून नजर हटत नाही. कोकणच्या मातीत ते जरा परकेच वाटते, आणि म्हणूनच अभ्यासकांना चटकन सापडते.

खरी कोकणी वास्तुकला मात्र ग्रामदेवतेच्या देवळात आहे, आणि तिची अवस्था वाईट आहे. जांभ्याचा चौथरा, लहानसा अंधारा गाभारा, पुढे लाकडी खांबांचा तिन्ही बाजूंनी मोकळा सभामंडप, वर कौलांचा खोल उतार. तो मोकळेपणा शोभेसाठी नव्हता. शिमग्यात पालखी नाचवायची, नमन-खेळे करायचे, गावकीचे तंटे सोडवायचे, तर भिंती हव्यात कशाला? गुरव, मानकरी, बलुतेदार यांच्या उभे राहण्याच्या जागाही ठरलेल्या असत. त्या मांडणीत गावाची उतरंड होती, हेही विसरू नये. १९३१मध्ये रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून आणि सावरकरांच्या पुढाकाराने उभे राहिलेले पतितपावन मंदिर याच उतरंडीला दिलेले उत्तर होते. त्याचे मोल शिल्पात शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. ते दारात कोण उभे राहू शकला यात आहे.

आता जीर्णोद्धार निघतो तो मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतून. खांब जातात, स्लॅब पडतो, जमिनीला चकचकीत फरशी, भिंतींना सिमेंटचा गिलावा. जांभा सच्छिद्र दगड. चुन्याचा गिलावा त्याला ओल बाहेर टाकू देतो, सिमेंट ती कोंडते आणि काही पावसाळ्यांत पोपडे धरते. मग गळणाऱ्या स्लॅबवर पत्र्याची शेड चढते. म्हणजे उतरते छप्पर शेवटी परत आलेच, फक्त कुरूप होऊन! तरी गावाला सरसकट दोष देता येत नाही. दर वर्षी मृगाआधी कौले शाकारायला माणसे आणायची कुठून? वासे बदलणारा सुतारही आता सहज मिळत नाही. कारागिरी टिकवण्याची योजना नसेल तर नुसते ‘जुने जपा’ म्हणणे फुकटचे आहे.

किल्ल्यांचे दैव बरे. हर्णैचा सुवर्णदुर्ग २०२५मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. पण तिथेही नजर तटाबुरुजांवरच थांबते. समोरच्या बंदरातले मासळीचे रोजचे जग त्या गौरवात कुठे बसते, हे कोणी सांगत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न कातळशिल्पांचा. कशेळीचा प्रचंड हत्ती, त्याच्या बाह्यरेषेच्या आत कोरलेले कितीतरी प्राणी; बारसूचा दोन वाघांमधला माणूस. २०२२पासून कोकणातली ही शिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. इथे भिंत नाही, छप्पर नाही, कोरणाऱ्यांची भाषाही आपल्यापर्यंत आलेली नाही. आहे तो उघडा सडा, म्हणजे जांभ्याचे पठार. शिवाय याच सड्यातून घरांसाठी चिरा निघतो, त्यामुळे चित्र आणि खाण एकाच कातळावर हक्क सांगतात. चित्राभोवती गडगा घालून हे भागणारे नाही. पावसाचे पाणी कुठून वाहते, गुरे कुठून जातात, चिरेखाणीचा रस्ता कुठून निघू शकतो, हे सारे संरक्षणाच्या नकाशात धरावे लागेल, आणि तो नकाशा सड्याच्या मालकांना बरोबर बसवूनच आखावा लागेल.